अवघड जागा

नाव सांगताना ती थबकली,
मग माहेरचं आडनाव दिलं, गावही माहेरचं,
वय अंदाजे पंचावन्न.
मी तसंच लिहून घेतलं. मिरजेत असं पुष्कळ जण येतात,
आपल्या गल्लीतला दवाखाना ओलांडून.

"जावई डॉक्टर हाय माझा, कवठ्याला.
लोकांच्या तोंडी नुसती म्हण असती,
माझ्या घरात ती सोप्यावर चहा पीत बसती."
आणि हसली, तोंडाला पदर लावून.
नखांत मार्केट यार्डातली हळद,
वीस वर्षं पॉलिशवर मुरलेली.

पडदा ओढला. सिस्टरने दिवा वळवला.
ती वर बघत पंख्याची पाती मोजू लागली.
तीनच होती, तरी मोजत राहिली.

बाहेरच्या ओठांवर, दोन्हीकडं,
कातडीच्याच रंगाचे दाणे,
राजगिऱ्याहून मोठे, ज्वारीहून लहान.
खाजवून खाजवून जाड झालेली कातडी, वर पिवळट थर.
"काय काय लावलं?"
"हळद. कडुलिंब. एकदा रॉकेल बी."
"जास्त कधी खाजतं?"
"चैत-वैशाखात. घाम आला की जीव नको हुतो."
घाम.
या शब्दाखाली मी रेघ मारली.

पिशवीतून तिने चौघडी केलेली एक चिठ्ठी काढली,
नऊ वर्षांपूर्वीची, घडीवर फाटलेली:
'गुप्तरोगाचे चामखीळ. पतीस घेऊन यावे.'
तुकडा काढलेला नाही, रक्त तपासलेलं नाही,
नुसतं बघून लिहिलेलं,
खाली फर्राटेदार सही.

मी तुकडा काढला, तांदळाएवढा. एक टाका.
बाटलीवरच्या 'जागा' या रकान्याशी
माझंही पेन क्षणभर अडतं, अजून.

आठव्या दिवशी बारगीर मॅडमचा फोन: "ये, बघून जा."
भिंगाखाली गुलाबी रान,
त्यात इवल्या इवल्या नळ्या, एकेकीला शेपूट,
ओढ्याच्या डबक्यात बेडकाची पिल्लं असतात तशा.
"सिरिंगोमा," त्या म्हणाल्या. "घामाच्या नळीची गाठ.
डोळ्यांखाली नेहमी बघतो आपण.
इथली, चौदा वर्षांत, ही दुसरी."

तिला सांगितलं: गाठी साध्या आहेत.
कॅन्सर नाही. कुणाला लागत नाहीत,
कुणाकडून येत नाहीत.
मला वाटलं, आता ती हात जोडेल.

"कुणाकडनं येत न्हाईत?"
"नाही."
"म्हंजी ट्रकवर कानपूरपत्तूर जायचे, त्यांच्याकडनं..."
"नाही. तुमच्याच कातडीतून उगवलंय हे."

खाली रस्त्यावर कुणीतरी गॅसच्या टाक्या उतरवत होतं.
एक, दोन. पाचवीपर्यंत ती बोलली नाही.
"शेवटपत्तूर भाईरल्या खोलीत निजले.
एकदा म्हणाले, देवाची आण.
मी म्हटलं, देवाला मधी आणू नगा."
मग, चपलेचा अंगठा नीट करत,
"गेले मागल्या मार्गशीर्षात."

मी लेसरचं बोलू लागले. दुसरं काय बोलणार होते?
त्रास देणारे तेवढे काढू, बाकीचे राहू देत.
रात्री एक गोळी, सुती कपडा, हळद बंद.
"समदे जात्यात?"
"नाही. काही परत येतात."
"येऊ द्यात," ती म्हणाली. "ते लिवून द्या मला."
"गोळीचं?"
"न्हाई. कुणाकडनं आलं न्हाई, त्ये. मराठीत लिवा.
जावयाला दावती."

लेटरहेड पुढं ओढलं. नाव विचारलं.
या खेपेला सासरचं सांगितलं, आख्खं:
अक्काताई बाबगोंडा मगदूम.
मधलं नाव तिला जड गेलं,
पहिल्यांदा घशातच राहिलं,
म्हणून दुसऱ्यांदा घेतलं, जरा मोठ्यानं.
पडद्यापलीकडच्या सिस्टरनंही ऐकलं असावं.

पुढची तारीख बुधवारची दिली.
बुधवारी पॉलिश बंद असतं.